पत्र्याखालची माती

काल मीच फोनवर तोऱ्यात सांगितलं होतं, "आत्या, तुझी माती पार आंबटली आहे. शेतभर चुनखडीची भुकटी टाक, हात आखडू नकोस." कारखान्यांच्या धुरामुळे आमच्याकडे पाऊसच आम्लाचा पडतो. माती तपासायची आणि चुनखडीचं प्रमाण सांगायचं, हीच माझी नोकरी.

आज सकाळी प्रयोगशाळेत तिच्या नमुन्याचा उरलेला अहवाल हातात आला. जस्त दहापट! उघड्या शेतात एवढं जस्त येईल कुठून? ते असतं गोठ्याच्या पत्र्यावर. आंबट पाऊस ते धुऊन वळचणीला आणतो आणि तिथली माती शेताहून जास्त आंबट करतो. म्हणजे आत्यानं माती वळचणीखालून उचलली होती. बाकीच्या चांगल्या शेतात तेवढी चुनखडी पडली, तर आंबटपणा नको तितका कमी होऊन बटाट्यांवर खपल्या धरणार. असले बटाटे कोण घेतं? आणि तिचं दुसरं पीकच नाही.

सहा वेळा फोन केला. उचलेना. स्कूटरला किक मारली आणि वाटेत प्रत्येक लाल सिग्नलला शिव्या घातल्या.

पोचलो तेव्हा ट्रॅक्टर चुनखडी पसरत होता आणि अर्धं शेत पांढरं झालं होतं. आत्या बांधावर खुर्ची टाकून बसली होती. मी ओरडत ट्रॅक्टरसमोर धावलो.

"अरे, वेडबिड लागलं का तुला?" आत्या म्हणाली.

ट्रॅक्टर थांबला. "माती कुठून घेतलीस? दहा जागची घे म्हणालो होतो ना?"

तिनं गोठ्याकडे बोट केलं. "वळचणीची माती मऊ असते. कट्ट्यावर बसल्या बसल्या खुरप्यानं निघते. शेतात दहादा उठबस कोण करणार?"

"गुडघे दुखतात? कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की दोन वर्षं. तुला कसं कळणार? फोनवर माझं चालणं कुठं ऐकू येतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुरपं घेतलं आणि चुनखडी न पडलेल्या अर्ध्या शेतात दहा ठिकाणी बसून बादलीत माती गोळा केली. जागा ती बांधावरून दाखवत होती.

"पांढऱ्या भागात यंदा बटाटा नको. घेवडा लाव, त्याला चुनखडी चालते," मी म्हणालो.

"लावायला खाली कोण बसणार?"

"मी येईन."

"फोनवर?" असं म्हणत ती उठायला लागली.

मी बादली ठेवून हात दिला. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं.