ठकीनं खाल्लं

तीन दिवस झाले, ठकीनं वाटीला तोंड लावलं नव्हतं. उकडलेलं चिकन, सुकट, दुधाची साय, सगळं हुंगायची आणि मान फिरवायची. कोंबडीच्या एका पायासाठी कुत्र्याशी भांडणारं हे मांजर! आधी मला तिचा राग यायचा, मग रडू यायचं.

तिला शुगर निघाली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "खाल्लं तरच इन्सुलिन. उपाशीपोटी दिलं तर मांजर दगावेल." सुई मीच द्यायचो. ठकी खात नव्हती म्हणून तीन दिवस सुईही बंद होती. डॉक्टरांनी सलाईनसाठी बोलावलं होतं. मुखेडहून न्यायला शेजारचा संगमेश्वर संध्याकाळी गाडी देणार होता. तोवर ठकी टिकली म्हणजे मिळवली.

माझ्या बायकोची, प्रयागची, शुगर ठकीपेक्षा अकरा वर्षांनी जुनी. त्यात आमच्या घरची रीत अशी, की मुक्या जनावराच्या आधी कुणी घास घ्यायचा नाही. माझ्या आईनं ती प्रयागला लावली आणि प्रयागनं ती धरून ठेवली. दोन दिवस मी ओरडून ओरडून तिच्या पोटात चार घास घातले. शनिवारी सकाळी तिनं सवयीनं स्वतःची सुई टोचून घेतली आणि ताट पुढ्यात घेऊन दारात बसून राहिली.

"जेव की."

"ठकी खाऊ द्या, मग."

"आगं, सुई घेतली तू! चक्कर येऊन पडशील."

"मुकं जनावर उपाशी हाय अन् म्या गिळू? न्हाई उतरत घास."

अर्ध्या तासात तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. साखर पुढं केली तर तिनं तोंड घट्ट मिटलं. हट्टापुढं या बाईनं देवालाही हात टेकायला लावले असते. मी आत ठकीजवळ गेलो. वाटीतलं बाहेर टाकावं तर दारात ही बसलेली. शनिवारी मी अंड्यालाही शिवत नाही. तरी ते बिनमिठाचं, वशाट चिकन गिळलं, वाटी बोटानं पुसली आणि ओरडलो, "प्रयाग, खाल्लं गं ठकीनं! सगळं खाल्लं!"

प्रयाग हसली. वरणात भाकरी कुस्करून पोटभर जेवली, वर पुन्हा मागून घेतली. बायको तरी वाचली म्हणून मी देवाचे आभार मानले आणि माझ्या पंक्चरच्या दुकानात गेलो.

दुपारी आलो तर ठकी पोत्यावर आडवी पडली होती. तोंडातून लाळ गळत होती.

"झोपू द्या," प्रयाग म्हणाली. "पोट भरलंय तिचं. तुमी गेल्यावर सुई म्याच दिली. येळ कशाला चुकवायची?"

मी साखरेचं पाणी करून आणलं, ठकीच्या हिरड्यांना चोळलं. ते ओघळून पोत्यावर सांडलं. पुन्हा चोळलं. तिची छाती हलत नव्हती.

"अव्, साखर काय चारून राहिले? तिला साखरेचाच तर आजार हाय!"

"तिनं न्हाई खाल्लं, प्रयाग. म्या खाल्लं."

ती खाली बसली. ठकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं विचारलं, "मग म्या सुई कशावर दिली?"