टाचणीची निनावी चिठ्ठी

समजा, तुमच्या घरी एक फ्रीज आला. इतका थोराड, की स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. मग तो बाहेरच्या खोलीतच ठाण मांडून बसला, उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. आला डोळ्यांसमोर? आता त्याच्या शेजारी नऊ वर्षांची एक किडकिडीत मुलगी उभी करा. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून घरात तिला सगळे टाचणी म्हणत.

टाचणीचे बाबा सोफे आणि गाद्या शिवायचे. दुसऱ्यांची बूड टेकायची सोय करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण स्वतःचं अंथरूण पाहून पाय पसरणं काही त्यांना जमलं नाही. फ्रीजसाठी त्यांनी कर्ज काढलं. हप्ते थकले, तेव्हा ते फेडायला दुसरं काढलं. आता दोन्ही फेडायला तिसरं काढायचं घाटत होतं. आईला बिचारीला वाटत होतं, फ्रीजचे पैसे कधीच फिटले.

टाचणीला हे कळलं शनिवारी, बाबांच्या दुकानात फोमचे तुकडे निवडताना. बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, सोमवारी चार वाजता कागद घेऊन या, शिलाईचं मशीन तारण ठेवतो. फोन ठेवून वळतात तो मागे ही उभी. आईला सांगायचं नाही, असं त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. टाचणीने ते दिलंही. पण संध्याकाळी जेवताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. मशीनच गेलं तर बाबा शिवणार कशावर?

वचन मोडणं पाप, हे तिला चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवलं होतं. पण वचन होतं ते आईला न सांगण्याचं. देवाला सांगायचं नाही, असं कुठे कोण म्हणालं होतं?

त्यांच्या चर्चमध्ये दाराजवळ एक लाकडी पेटी होती. ज्याला काही अडचण असेल त्याने चिठ्ठी लिहून तीत टाकायची. नाव घातलंच पाहिजे असं नाही. उपासनेत पाळकसाहेब ती वाचत आणि मंडळीतलं कुणीतरी उभं राहून त्यासाठी प्रार्थना करी. टाचणीने अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी आत शिरून चिठ्ठी पेटीत टाकली.

पाळकसाहेबांनी चष्मा सावरून ती वाचली. ‘एका घरातले बाबा जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढणार आहेत. आईला माहीत नाही. देवाने त्यांना अडवावं.’

बाबांनी मान वळवून टाचणीकडे पाहिलं. तिने डोळे इतके गच्च मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, ह्या भावासाठी गादीवाल्या भावांनीच प्रार्थना करावी, त्यांचा आवाज खणखणीत आहे.

बाबा उठले. आधी त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. मग प्रवासाला गेलेल्यांसाठी. मग परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, जरी परीक्षा होऊन महिना लोटला होता. सगळं गाव फिरून झालं, पण मुद्दा काही येईना. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, “प्रभू, हा माणूस वाईट नाही. त्याला बायकोची भीती वाटते.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

“भीती नाही, लाज वाटते,” बाबा हळूच म्हणाले. “तिला सांगायचं धाडस त्याला दे. आजच दे, प्रभू. उद्यापर्यंत राहायचं नाही ते.”

‘आमेन’ घुमला, आणि पुरुषांच्या बाजूने जरा जास्तच.

उपासना सुटल्यावर अंगणात बेकरीवाल्याने बाबांना कोपऱ्यात गाठलं. ती चिठ्ठी माझ्याच पोरीने माझ्याबद्दल टाकली ना, असं तो घाम पुसत विचारू लागला. त्याला कसंबसं वाटेला लावतात तोवर शाळेतले गणिताचे सर आले, त्यांचाही तोच प्रश्न. मग आले खजिनदार, मंडळीचं दान मोजणारे! बाबा प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून एकच सांगत होते, घरी जा आणि बोलून टाका.

आई लांबून हे पाहत होती. “आज भलताच भाव आलाय तुम्हाला,” ती म्हणाली.

मग बाबांनी तिला सायकली लावायच्या जागी नेलं आणि बोलून टाकलं. टाचणी खांबाआडून ऐकत होती. आईने आकडा विचारला. ऐकल्यावर पुन्हा एकदा विचारला, जणू दुसऱ्यांदा तो कमी होणार होता.

“भर मंडळीत उभं राहून देवाला सांगितलंत,” ती म्हणाली. “आणि मी काय परक्या चर्चची आहे?”

घरी जाताना मात्र दोघं शेजारी शेजारी चालली.

सोमवारी आई इस्पितळातल्या धोबीखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन दुकानात येऊन बसली. चारला कर्जाचा एजंट आला. बाबांनी त्याला ज्या सोफ्यावर बसवलं त्याच्या स्प्रिंगा अजून घालायच्या होत्या, त्यामुळे तो बसला तो गुडघे हनुवटीला लागेपर्यंत खाली गेला. तिथूनच तो तिसऱ्या कर्जाचे फायदे सांगत राहिला. बाबा म्हणाले, सही करणार नाही. फ्रीज इस्पितळातल्या कँटीनला विकतोय, उरलेलं दोघं मिळून फेडू. मग दोघांनी एजंटाचा एकेक हात धरून त्याला वर ओढला आणि रस्त्याला लावला.

तो गेल्यावर आईने मापाच्या वहीतला एक कोरा कागद फाडला. घरातली सगळी देणी ह्यावर उतरवायची, ती म्हणाली, लपवाछपवी बंद. बाबांनी आपली लिहिली. आईनेही मान खाली घालून एक लिहिलं, शिंपिणीचे राहिलेले पैसे. बाबा मिशीत हसले.

“सगळी म्हणजे सगळ्यांची,” ते शाळेतून येऊन फोमच्या ढिगापाशी बसलेल्या टाचणीकडे न पाहताच म्हणाले.

कालपासून ताठ मानेने मिरवणारी टाचणी एकदम फोमचे तुकडे मोजू लागली. ते मोजून संपले. मग तिने पेन्सिल उचलली आणि कागदाच्या अगदी तळाशी, ह्या वेळी उजव्या हाताने, लिहिलं: ‘वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलीची रंगपेटी उसनी घेतली, हरवली. ती भरून द्यायला मागच्या बाकावरच्या मुलीची घेतली.’ आणि बाबा वाचायच्या आत ती रंगपेटीची किंमत विचारायला दुकानातून धूम पळाली.