दौलतसिंग नाईकाचे तीन तांडे

हरीओम सरांचं नाव घेतलं का माह्यं डोस्कं तापते. त्याइच्याच हाताखाली मी पीएचडी केली, कारंज्याले. तवापासून तापूनच राह्यलं आहे.

मी साधना राठोड, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. पुण्याच्या एका संस्थेनं पीएचडीनंतरच्या दोन वर्षांच्या संशोधनाची एक जागा काढली होती. काम असं, का जुन्या लोकाइनं जी झाडंझुडपं वाळवून, कागदावर चिकटवून कपाटात ठुली, थी एकेक कॉम्प्युटरवर चढवायची अन् कोणतं झाड कुठं सापडलं होतं थे नकाशावर दाखवायचं. जैवविविधता माहितीशास्त्र म्हणतात याले. पण अटी दोन. पीएचडी होऊन पाच वर्षं उलटलेली नसावी, अन् प्रकल्प आपल्या पीएचडीच्या मार्गदर्शकाच्याच नावानं असावा. माह्यं हे शेवटचं वर्ष. हे हुकलं असतं तर जन्मभर तासिकेवर शिकवत बसली असती, पगार कधी होईन थे देवाले माहीत.

म्हणून उन्हाळाभर राबली. पन्नासेक वर्षांमागच्या त्या कागदाइवर जागा लिवलेली असे, "दौलतसिंग नाईकाच्या तांड्याजवळ". आता आमच्या बंजाऱ्याइच्यात तांड्याले नाव पडते नाईकाचं, म्हणजे वस्तीच्या मुखियाचं. तांडा उठून दुसरीकडे जाऊन बसला तरी नाव त्याच्या संगच जाते. दौलतसिंग नाईकाचा तांडा आधी नाल्याकाठी होता, पाणी आटलं तसा माळावर गेला, मंग सडकेले आला. म्हणून कागदावरचं साल पाह्यचं, अन् त्या साली तांडा कुठं होता थे शोधायचं. माह्या याडीले, म्हणजे मायले, संग घेऊन मी तिन्ही जागा पायी फिरली. चुलीचे दगड तिथं अजून आहेत. सर एक डावही आले नाहीत. "ऊन फार आहे गं," म्हणे. एसीत बसून याइले ऊन लागे.

मंग पुण्याहून समिती आली कारंज्याले. अध्यक्ष होत्या जमीला मॅडम. बोलत कमी, पण बोलल्या का टोचे. सरांनी पडद्यावर नकाशा लावला. नकाशा माह्या हातचा, खाली नाव एकट्या त्याइचं. मले आधीच बजावलं होतं, "तू मागे बस, मी बोलतो. जागा तुझीच आहे." बसली मी मागं. तोंडापर्यंत शिव्या आल्या होत्या, त्या गिळल्या.

"तांडा एकच," मॅडमनं विचारलं, "मग ठिपके तीन कसे? तेही इतके लांब लांब?"

सर घुटमळले. "ती... जीपीएसची चूक आहे, मॅडम. तिन्ही एकत्र करून आम्ही सडकेवरच्या तांड्यावर टाकतो. आजच दुरुस्त करतो."

घ्या. नाल्याकाठचं झाड उचलून हा माणूस डांबरी सडकेवर लावणार. मले बसवलं नाही.

"चूक नाही थे," मी उभी राह्यली. "तिन्ही ठिपके बराबर आहेत."

"तुम्ही कोण?" मॅडमनं विचारलं.

माह्याआधी सरच बोलले. "माझी विद्यार्थिनी. टायपिंगला मदत करते."

टायपिंगले. माह्ये कान गरम झाले. "सर, नकाशा तुमचा आहे ना? मंग सांगा मॅडमले, तांडा उठला का त्याच्या नावाचं काय होते?"

सरांनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट पेले, झाकण लावलं, अन् परत उघडलं. "वेळ कमी आहे, साधना. नंतर बोलू."

मंग मीच सांगतलं. नाला, माळ, सडक, कोणत्या साली तांडा कुठं, सगळं. मॅडम एकेका ठिपक्याकडे पाहून राह्यल्या होत्या. माह्यं झाल्यावर त्याइनं अर्जातलं माह्यं नाव वाचलं, बाकीच्या लोकाइकडे पाह्यलं अन् मान हलवली.

"असंच काम हवं होतं. प्रकल्प मंजूर. मार्गदर्शक हरीओम सर, संशोधक साधना राठोड. चालेल ना?"

तवा माह्या ध्यानात आलं. ज्याले उघडं पाडाले उभी राह्यली, त्याचाच प्रकल्प मी पास करून बसली. सर तोंडभर हसून राह्यले होते. "चालेल म्हणजे काय, मुलीसारखी आहे मला."

"मॅडम, मार्गदर्शक दुसरा चालन का?" मी विचारलं.

"नियमात बसत नाही. नको असेल तर आत्ताच सांगा. ही जागा दुसऱ्या जिल्ह्याला जाईल."

सर माह्याकडेच पाहून राह्यले होते. त्याइले पक्कं माहीत होतं, ही पोट्टी कुठं जात नाही. त्या माणसाचा असा संताप आला का बस. पण सोडून गेली असती तर जागाही गेली असती, अन् माह्या हातचा नकाशा त्याच्याच नावावर राह्यला असता.

"चालन," मी म्हटलं.

समिती गेल्यावर सरांनी मले गाडीजवळ गाठलं. हसू कुठच्या कुठं पळालं होतं. "चारचौघांत माझा अपमान केलास. लक्षात ठेव, दोन वर्षं माझ्या सहीशिवाय तुझं काही पुढे सरकणार नाही."

"ठेवलं ध्यानात," मी म्हटलं. "अन् दोन वर्षं पुण्याहून तुमाले कोणी काही विचारलं, का उत्तर तुमाले माह्यापाशीच मागा लागीन. मागजा. माह्या मनात आलं तर देईन."

सर गाडीत बसले अन् दरवाजा ओढून घेतला. त्याइनं काच वर करेपर्यंत मी तिथंच उभी होती.