कुशाबाईंनी सोडलेला खेकडा

कुशाबाईंचे गुडघे म्हणजे त्या घरातला पाचवा माणूस होता. त्या स्वतः, मुलगा सुदर्शन, सून वृषाली, नात आरोही आणि गुडघे. कुणाच्या लग्नाला जायचं की नाही, हे गुडघे ठरवत. पाट मांडायचा की खुर्ची, तेही तेच ठरवत. थंडी पडली की आधी ते कुरकुरत आणि मग कुशाबाई.

वृषालीनं निरगुडीचा शेक दिला, तेलं चोळली, मंचरच्या डॉक्टरांना दाखवलं. झीज झालीय, रोज थोडा व्यायाम करा, म्हणून त्यांनी सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या कुशाबाईंनी डब्यात ठेवल्या त्या ठेवल्याच. "पोट जाळत्यात मेल्या."

मग वृषालीनं मोबाइलवर गुडघ्यांच्या गोळ्यांची एक बरणी शोधून मागवली. हिरवं झाकण, वर कोवळ्या पानाचं चित्र. ती ओट्यावर कणीक मळत असताना कुशाबाईंनी बरणी उलटी-सुलटी करून विचारलं, "कशाची हायेत गं ही?"

हात कणकेत, गॅसवर दूध वर आलेलं. "झाडपाल्याची," वृषाली म्हणाली आणि दुधाकडे धावली. मनात पाप नव्हतं, पण वाचलंही नव्हतं.

"मग हरकत न्हाई. तू दिलंस म्हंजी डोळं झाकून घेते."

रोज जेवणानंतर एक गोळी. संध्याकाळी खुर्चीत बसून पाय सरळ वर उचलायचे, थांबायचे, खाली घ्यायचे. कुशाबाई या व्यायामाला लाथा म्हणत. "वृषाले, लाथा मारायची वेळ झाली, ये समोर बस." दोघी समोरासमोर बसून हवेत लाथा मारत आणि आरोही मधे उभी राहून पंच व्हायची.

आणि गुण आला. म्हातारी आधी फाटकापर्यंत गेली, मग शेजारच्या गोजरबाईच्या ओट्यापर्यंत, मग पार देवळापर्यंत. एका दुपारी तर तिनं जाहीरच केलं, "दसरा झाला का मी ओढ्याला जाऊन येनार."

ओढा मळ्याच्या खालच्या अंगाला होता. चार वर्षांत कुशाबाई तिकडे उतरल्या नव्हत्या. घरातून ओढ्याच्या कडेचं करंजाचं झाड तेवढं दिसायचं. खुर्ची त्या बाजूला तोंड करून का असते, हे वृषालीनं कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

बरणी संपत आली तेव्हा वृषाली मंचरला गेली होती, म्हणून तिथल्याच मेडिकलमध्ये रिकामी बरणी दाखवली. दुकानदारानं चष्मा वर सारून विचारलं, "ताई, कुणाला घेताय? खेकडा, कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त वगैरे उठत नाही ना त्यांच्या?"

"का हो?"

"त्यांच्याच कवचापासून बनवतात हे. हे काय, मागं लिहिलंय की." त्यानं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांवर नख ठेवलं.

वृषालीनं बरणी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. पण अंगावर पित्त उठणं हा प्रश्नच नव्हता. कुशाबाईंनी खेकडा सोडला होता.

सासरे, धर्माजी, खेकडे धरण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. ओढ्यातल्या बिळात हात घातला की रिकामा येत नसे. ते गेले त्या वर्षी पावसाळ्यात घरात पहिल्यांदा खेकड्याचं कालवण झालं आणि कुशाबाईंनी ताट सरकवलं. "मी सोडला खेकडा," एवढंच बोलून त्या उठल्या. मालकाच्या नावानं व्रत घेतलं म्हणून गोजरबाईनं ते गावभर केलं. पुढे एका जेवणात खेकड्याच्या रश्श्यातला डाव चुकून पिठल्यात गेला, तर कुशाबाई अख्ख्या पंगतीतून उपाशी उठून आल्या. तेव्हापासून घरात खेकडा शिजला नाही. आणि अशा बाईला वृषालीनं तीन महिने रोज जेवणानंतर न चुकता, वर पाण्याचा तांब्या देऊन, खेकडा भरवला होता.

"मक्यापासूनची पण मिळते," दुकानदार म्हणाला. "मागवावी लागेल. आणि ताई, खरं सांगू? गुण कुणाला येतो, कुणाला नाही. व्यायाम मात्र सोडू नका."

तिनं मक्याची मागवायला सांगितली आणि घरी येऊन सुदर्शनला गाठलं. तो चाकणच्या कंपनीतून नुकताच आला होता.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "बरणी बदल, विषय संपला."

"आई आहे तुमची."

"म्हणून तर म्हणतोय. ओळखतो मी तिला. गोळ्या बंद, लाथा बंद, ओढा बंद. आणि तुझ्या हातचं पाणीसुद्धा बंद."

ते शेवटचं वृषालीला लागलं. लग्न होऊन ती पेठ गावातून या घरात आली तेव्हा भाकरी थापताना तिच्या हातात नकाशे व्हायचे. कुशाबाईंनी एकदाही कुणापुढे ते काढलं नाही. नकाशे स्वतःच्या ताटात घेतले आणि खाल्ले. त्या बाईनं आपल्यावर डोळे झाकून ठेवलेला विश्वास, तो आता डोळे झाकलेलेच राहू देऊन वाचवायचा? दोन दिवस तिनं गोळी दिली नाही, संपली म्हणून सांगितलं. लाथा मारताना सासूच्या तोंडाकडे बघवेना, तर ती पंचाकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धुणं वाळत घालून आली तर खुर्ची रिकामी. कोपऱ्यातली काठी नाही. गोजरबाईच्या ओट्यावर नाही, देवळात नाही. वृषालीनं करंजाकडे पाहिलं आणि चपला न घालताच मळ्याच्या पायवाटेनं सुटली.

कुशाबाई करंजाखाली दगडावर बसल्या होत्या. लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर, पाय ओढ्याच्या पाण्यात, काठी बाजूला आडवी. समोरच्या बिळाच्या तोंडाशी एक खेकडा नांग्या उगारून उभा होता.

"आलीस व्हय? बघ, ह्यो मगाधरनं माझ्याशी भांडतोय."

"सांगून तरी यायचं, आत्या! जीव गेला माझा."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

वृषाली धापा टाकत शेजारी बसली. खेकडा तिच्याकडे वळला. आता त्याच्यासमोर तरी खोटं बोलवेना.

"आत्या, त्या गोळ्या झाडपाल्याच्या नव्हत्या. मी न वाचता बोलले. खेकड्याच्या कवचाच्या होत्या. परवा मेडिकलमध्ये कळलं."

कुशाबाईंनी पाण्यातले पाय हलवले. तसा खेकडा बिळात गेला.

"कवचाच्या म्हंजी टरफलाच्या?"

"हो."

"आतलं मास न्हाई?"

"नाही, आत्या. नुसतं टरफल."

म्हातारीचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून वृषालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. मग दोन्ही करत होती.

"अगं, टरफल त्येंचा वाटा व्हता. सुदर्शनचा बा खेकडा धरायचा, फोडायचा, आन सगळं मास माझ्या ताटात सारायचा. सोता टरफलं चोखत बसायचा. म्हनायचा, माझ्या दातास्नी काम पायजेल. उभ्या जन्मात मला खेकडा फोडू दिला न्हाई त्यानं."

"म्हणून तुम्ही व्रत..."

"कसलं व्रत! त्यो गेल्यावर ताटात पयला खेकडा आला, तर मला फोडताच येईना. येवढी मोठी बाई, नातवंडाच्या वयाची पोरं पंगतीला, आन मी नांगी हातात धरून बसलेली. लाज वाटली गं. म्हनलं, सोडला म्हनून सांगावं. गोजरीनं त्याचं व्रत केलं. मग मला व्रत वागवावं लागलं."

"आणि त्या पिठल्याच्या वेळी उठून आलात ते?"

"वास आला. त्ये बाजूला टरफलं चोखत बसल्यागत वाटलं. लोकांत काय सांगू?"

ओढ्याचं पाणी दोघींच्या पायांवरून जात राहिलं. वृषालीनं डोळे पुसले. "मी मक्याची मागवलीये बरणी. ती घ्या आता."

"मका घाल कोंबड्यांना. मला त्येंच्याच वाट्याची आन." मग आवाज चढला. "आन झाडपाला म्हनालीस, त्याचं मी घरी गेल्यावर बघते. लाथा मारायला शिकवलंयस तूच."

"बघा," वृषाली म्हणाली. इतकं हलकं तिला तीन दिवसांत वाटलं नव्हतं.

तिनं काठी हातात दिली, दुसऱ्या हाताला आधार दिला. उठताना म्हातारीचा उजवा गुडघा कट्कन वाजला. दोघी थांबल्या.

"ऐक," कुशाबाई म्हणाल्या, "धनी बोलत्यात."

पायवाटेवर चार पावलं चढून त्या पुन्हा थांबल्या आणि मागे वळून बिळाकडे बघितलं.

"वृषाले, तुला फोडता येतो का खेकडा?"

"मला? आमच्या माहेरी सगळे माळकरी. मी हातसुद्धा लावला नाही कधी."

"मग अवघड हाये," कुशाबाई म्हणाल्या आणि चढ चढायला लागल्या. "दोघींनी शिकावं लागंल. खलबत्ता घासून ठेव. आन गोजरीला येवढ्यात सांगू नको."