कॅमेऱ्यातले भावजी

तीन वाजायच्या आत हॉल भरून गेला होता. समोर पांढरा पडदा, त्यापुढे एक खुर्ची आणि तिपाईवर कॅमेरा. खुर्चीत माझी ताई बसली होती.

"या, आधी डोळा लावून बघा!" छायाबाबा ओरडले. लोकांनी रांगेने कॅमेऱ्यातून पाहिलं. ताईशिवाय कुणी नाही. मग बाबांनी खटका दाबला, फोटो छापून आला आणि हॉलभर हुंदके फुटले. ताईच्या खांद्यामागे करडी, किंचित वाकलेली आकृती उभी होती.

"डोळ्याला दिसत नाही ते प्रेमाला दिसतं, माय! आले बघ तुझे धनी!" बाबा म्हणाले. मृतात्म्यांना फक्त बुधवारी, तीन ते पाच एवढीच सवड असते, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

भावजींना जाऊन आठ महिने झाले होते. ताईचा हा पाचवा बुधवार. मी गप्प होते. तेवढाच तिला आधार, असं स्वतःला समजावत होते. पण घरी येताना ती म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन मी करणार नाही. शस्त्र लागलं की ते यायचे थांबतील, असं बाबा म्हणाले."

डॉक्टरांनी सोमवारीच बजावलं होतं, उजव्या डोळ्यातला पडदा सुटतोय, दिवस घालवू नका.

मी शिवणकाम करते. कपड्यांचे फोटो नीट यावेत म्हणून मला कॅमेरा हवा होता. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले.

"तुझ्या पैशात नव्यापेक्षा जुना चांगला मिळेल," दुकानातल्या काकू म्हणाल्या. "मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नकोस. सोबतची साधी लेन्स तुला पुरे. हातात नीट बसतो का बघ. आणि पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायचाच, लेन्सचं छिद्र बारीक करून."

काढला. भिंत स्वच्छ होती. फोटोत मात्र कोपऱ्यात करडी, वाकलेली रेघ. अगदी ताईच्या फोटोतल्या आकृतीसारखी.

"काकू, हे कोण?"

"कोण काय? सेन्सरवर, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, तंतू बसलाय. लेन्स बदलताना आत जातो. बघताना दिसत नाही, कारण आरसा चित्र आपल्या डोळ्याकडे वळवतो आणि तंतू असतो आरशाच्या मागे. फोटोत मात्र उमटतो." त्यांनी लेन्स काढली, आरसा वर करून रबरी पंपाने हवा मारली. पुढच्या फोटोत रेघ नव्हती.

मी तो कॅमेरा घेतला, पंपही घेतला. घरी ताईला सगळं सांगितलं. "तुझ्या कॅमेऱ्यात असेल कचरा, बाबांच्या कॅमेऱ्यात नाही," म्हणत तिने तोंड फिरवलं.

बुधवारी मी हॉलमधल्या लोकांना आपापले फोटो जमिनीवर शेजारी शेजारी मांडायला लावले. एका म्हाताऱ्या सुताराची बायको, ताईचा नवरा, एका आईचं मूल. सगळे फोटोत एकाच जागी, एकाच बाजूला वाकलेले.

त्या आईने आपला फोटो उचलून शेजारच्या फोटोवर धरला. "माझं बाळ चार वर्षांचं होतं," ती म्हणाली. "एवढं उंच कसं होईल?"

"आत्मा वाढतो, माय..."

"रिकाम्या खुर्चीचा फोटो काढा," ती आई म्हणाली.

बाबा कॅमेऱ्याला हात लावू देईनात. सुताराने त्यांचं मनगट धरलं आणि तिने स्वतः खटका दाबला. खुर्चीत कुणी नव्हतं. फोटोत आकृती होती. मग मी लेन्स काढून, आरसा वर करून पंपाने हवा मारली. पुन्हा फोटो. पडदा कोरा.

गडबडीत बाबा मागच्या दाराने सटकले. कुणीही हसलं नाही. ताई माझ्या अंगावर धावून आली. "तू त्यांना फुंकून टाकलंस!"

दोन दिवसांनी कशीबशी ती ऑपरेशनला तयार झाली. "आधी आला असतात तर..." ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले. त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. ताई माझ्याशी बोलते, पण भावजींचं नाव माझ्यासमोर काढत नाही.

तंतू ओळखायला पाच मिनिटं पुरली. मी पाच आठवडे घालवले. दुःखात बुडालेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. ते जवळच्यांनी विचारायचे असतात. हेच दुसऱ्याच्या बाबतीतही दिसतं का? कुणी नसतानाही दिसतं का? आपलं माणूस रागावेल. रागावू दे, पण वेळेवर विचारा.