सहावं बक्षीस

पुस्तकासाठी इंटरनेटवर उघडलेल्या वर्गणीच्या पानावर पुतणीने पाच बक्षिसं लिहिली होती. सहावं चित्रकाराने तिच्या नकळत घुसडलं. पहिली पाच रीतसर होती: अमुक रक्कम दिलीत तर पुस्तक, थोडी जास्त दिलीत तर सहीचं पुस्तक, हात आणखी सैल सोडलात तर एखादं मूळ चित्र. सहावं असं, की चित्रकार स्वतः फोन करून पाच मिनिटं गप्पा मारतील. पुतणीने कपाळाला हात लावला. हल्ली घरचे फोन उचलत नाहीत, काका, आणि परके पैसे मोजून तुमच्याशी बोलणार का, असं तिने विचारलं.

त्रेचाळीस जणांनी मोजले.

पुस्तक कसलं, तर जुन्या गाजलेल्या सिनेमांच्या टिंगलीचं. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एकोणीस वर्षं ही चित्रमालिका चालली. डाकू घोडे उधळत गावात शिरतात, आणि चावडीवरचा कारकून मान वर न करता त्यांना आधी दरोड्याचा अर्ज भरायला लावतो, दोन प्रतींत. साप्ताहिक बंद पडलं, प्रकाशकांनी चहा पाजून वाटेला लावलं, म्हणून ही लोकवर्गणी. रक्कम मुदतीच्या आठवडाभर आधीच जमली. पुतणी खूश होती. चित्रकाराचं सगळं लक्ष मात्र सहाव्या बक्षिसावर होतं. दोन खोल्यांत तो एकटा, दुधाची पिशवीसुद्धा दाराला अडकवलेली मिळायची, त्यामुळे त्या माणसाशीही बोलणं व्हायचं नाही. पाच मिनिटं खरं तर त्यालाच हवी होती. ती त्याने देणाऱ्याच्या थाटात मागितली, एवढंच.

आणि त्रेचाळीस नावांत एक नाव मुनीचं होतं.

मुनी म्हणजे साप्ताहिकातल्या त्या पानाचा लेखक. चित्रं याची, विनोद त्याचे. स्वतःच्या विनोदावर तो कधी हसला नाही म्हणून कचेरीने नाव ठेवलं मुनी. चित्राखाली सही असते, विनोदाखाली नसते. त्यामुळे वाचकांना एकच माणूस माहीत होता. मुनीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पुढे एका मुलाखतीत चित्रकाराला विचारलं, हे सगळं सुचतं कसं? मुनी समोर दुसऱ्या रांगेत बसला होता. चित्रकार हसून म्हणाला, "सुचतं आपोआप." दोनच शब्द. पुढच्या शुक्रवारी मजकूर आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिन्यांत पान बंद झालं. त्याला अकरा वर्षं झाली.

त्याच मुनीने वर्गणी पहिल्याच दिवशी भरलेली, पुतणीला माहीत नसलेल्या आपल्या खऱ्या नावाने. समेट करायला भरली की हिशेब चुकता करायला, कळायला मार्ग नव्हता. पाच मिनिटं शिव्या द्यायलाही भरपूर होतात. चित्रकाराने ते नाव सर्वांत शेवटी ठेवलं आणि मुदत संपायची वाट न पाहता वही आखून फोन लावायला बसला.

निम्म्यांनी उचललाच नाही. ज्यांनी उचलला त्यांना हा सांगायचा, "तुम्ही इंटरनेटवरून पैसे भरलेत ना, त्याबद्दल जरा बोलायचं होतं." पुढचं ऐकायला कोणी थांबायचं नाही. एका बाईंनी पोलिसांत असलेल्या भावाचा धाक घातला. एक गृहस्थ भले निघाले, पूर्ण पाच मिनिटं बोलले, पण स्वतःच्या गुडघ्याबद्दल. एका मुलीने विचारलं की मूळ सिनेमे पाहिलेच नाहीत, तर हसायचं कुठे? याने तिला डाकूंचा अर्ज समजावून सांगितला. ती म्हणाली, अच्छा. समजावलेल्या विनोदासारखी थंड वस्तू जगात दुसरी नाही, हे त्याला त्या वयात नव्याने कळलं.

चौथ्या दिवशी पुतणीचा फोन. तिच्या मैत्रिणीच्या मोबाइलवर काकांचा नंबर लाल दिसत होता: फसवणूक, सतरा जणांची तक्रार. "हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. "आता कोणीही उचलणार नाही. बंद करा ते."

वहीत एकच ओळ कोरी होती. तो उठला, धुतलेले ब्रश पुन्हा धुतले, खिडकी उघडली, लावली. मग नंबर फिरवला. चौथ्या घंटेला पलीकडे कोणीतरी उचलला.

"मी बोलतोय," चित्रकार म्हणाला.

"ठाऊक आहे. लाल अक्षरांत 'फसवणूक' असं आलं. म्हटलं, आपलाच माणूस."

आवाज तोच, कोरडा. चित्रकाराला हसू फुटलं, पण पलीकडे हसू नव्हतं, म्हणून त्याने ते गिळलं. पुस्तक महिन्याभरात पाठवतो, असं काहीबाही बोलला.

"पुस्तक नको. अंक आहेत माझ्याकडे सगळे. मी फोनचे पैसे भरलेत." मग जरा थांबून, "वर्गणीच्या पानावर मुखपृष्ठ पाहिलं. माझं 'मुनी' आधी घातलंस."

"अक्षरांच्या क्रमाने आलं."

"अक्षरांच्या क्रमाने तुझं आधी येतं."

चित्रकाराने घसा साफ केला. "तेव्हा त्या मुलाखतीत मी..."

"त्याला पाच मिनिटं पुरायची नाहीत," मुनी म्हणाला. "तीन झालीत. दोन शिल्लक आहेत."

ती दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एकच. एका माणसापुरता कुकर असतो तो. खुर्ची सरकली. चित्रकार फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. पाच मिनिटं भरली आणि पलीकडून फोन ठेवला गेला, मजकूर वेळेवर टेबलावर ठेवून निघून जावं तसा.

त्याने वहीत त्रेचाळिसाव्या ओळीपुढे लिहिलं: बोलणं झालं. मग 'झालं' खोडलं. खोली पुन्हा पूर्वीइतकीच मोठी आणि रिकामी झाली.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला. वर्गणीला तीन दिवस उरलेत, सांगायचं म्हणजे एका माणसाने सहावं बक्षीस दुसऱ्यांदा घेतलंय. "तेच नाव, तोच नंबर. म्हातारा दिसतोय, चुकून बटण दाबलं असेल. परत करू का पैसे?"

"राहू दे," चित्रकार म्हणाला, आणि वहीत आणखी एक ओळ आखायला पट्टी शोधू लागला.