औषधाचे गाल

"सुनिता, पोरीचे फ्रॉक कुशीत उसवायलेत, पर आखूड कावून होईनात गं?" माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या होत्या. मी बीएस्सी झालेली, लेकीचं, अंजूचं, वजन दर आठवड्याला करून बघणारी. "बाळसं आलंय तिला," म्हणून मी विषय संपवला.

गाल होतेच तसे. नेकनूरच्या बाजारात बाया थांबून हात लावायच्या, आणि घरी आल्यावर मी मीठ-मिरच्या ओवाळायचे. आधी हिला बाळदमा. छाती वाजायची, घास उतरायचा नाही. डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरतं एक औषध लिहून दिलं. श्वास मोकळा झाला, भूकही लागली. मग बाटली संपली की अंजूचे पप्पा रिकामी बाटली खिशात घालून दुकानात जायचे, "हीच द्या" म्हणायचे. थांबवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. पोर खात होती ना.

उन्हाळ्याच्या तोंडावर धाकटे दीर आणि जाऊ ऊसतोडीवरून परतले. त्यांचा रविराज अंजूपेक्षा वर्षानं लहान. दोघं पाठीला पाठ लावून उभी राहिली, तर रविराजच उंच.

"ताई, आमचं वाळलं, पर लांबलं," जाऊ विजयमाला म्हणाली. "तुमी अंजूला घडी घालून ठिवली का काय?"

सगळे हसले, अंजूही. मला मात्र सासूबाईंचं फ्रॉकचं बोलणं आठवलं. पोर एवढीच राहिली तर? सकाळी अंजूला घेऊन, औषधाच्या बाटलीसकट बीडची बस धरली.

तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टर, डॉ. प्रियदर्शनी, यांनी आधी बाटली पाहिली, मग अंजू. "हे बाळसं नाही. औषधाचे गाल आहेत."

त्यांनी नीट समजावलं. शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक असतं, या औषधात त्याचाच भाऊबंद, स्टिरॉइड. ते फार दिवस जास्त झालं की मेंदूखालची ग्रंथी वाढीचं संप्रेरक सोडताना हात आखडता घेते, हाडांची वाढही मंदावते. पोर रुंदीला जाते, उंचीला नाही.

"मग आजपासून बंदच करते."

"मुळीच नाही. बाहेरून मिळतंय म्हणून तिचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलंय. एकदम तोडलं तर जिवावर बेतेल. हळूहळू उतरवू. दम्याला पंपानं श्वासातून ओढायचं औषध देते, तेही मी सांगेन तेवढंच."

"आणि उंची?"

"लहान आहे अजून. बरीचशी भरून काढेल. पण धीर धरा."

धीर माझ्यात कुठला? दाराच्या चौकटीशी तिला इतक्यांदा उभी केली, की ती मला बघून पळायला लागली. गाल उतरले तशी शेजारची गीताबाई म्हणाली, "पोर लई वाळली की. जेवाया देत न्हाईस का गं?"

सासूबाईंनीच परस्पर उत्तर दिलं, "जेवती की. समदं आता वर चाललंय."

खरंच चाललं होतं. परवा भरदुपारी घरातले दिवे लागायला-विझायला लागले. वायरमनला फोन करायला निघाले, तर भिंतीशी अंजू, टाचा उंचावून, आजवर हाताला न येणाऱ्या बटणावर बोट. तिचे पप्पा ओरडले. मी म्हटलं, खेळू द्या.

तुमच्याही गल्लीत असं एखादं गुबगुबीत लेकरू असेल, ज्याचं धापेचं नाहीतर खाजेचं औषध कधीपासून चालू आहे हे घरच्यांनाही आठवत नाही. औषध तोडा म्हणू नका, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा म्हणा. आज दिवस मावळायच्या आत त्याच्या आईकडे एक चक्कर टाकाल का?